गोरेगावची कुळनामे : पटले, बिसेन, सोनवाने आणि वैनगंगेकाठचे पोवार

गोंदियाच्या दक्षिणेस, कोहमाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर वसलेले गोरेगाव हे तालुक्याचे ठिकाण एका अंगाने नागझिऱ्याच्या रानाला आणि उरलेल्या अंगांनी धानाच्या बांध्यांना लागून आहे. झाडीपट्टीच्या या उत्तर भागात वस्ती कशी झाली, कोण कोठून आले आणि कोणत्या कामासाठी आले, हे सांगणारे राजदरबारचे कागद थोडे आहेत. परंतु गावोगावी रोज उच्चारली जाणारी आडनावे मात्र त्या इतिहासाचा बराचसा भाग आपल्या पोटात घेऊन उभी आहेत. पटले, बिसेन, रहांगडाले, कटरे, बोपचे, टेंभरे, येडे, तुरकर, हरिणखेडे, सोनवाने, शरणागत, रिनाईत, अंबुले, बघेले, पारधी, चौधरी, ठाकरे, गौतम, भगत ही नावे गोरेगाव, तिरोडा, आमगाव आणि गोंदिया या तालुक्यांत, तसेच राज्याची सीमा ओलांडून मध्य प्रदेशातील बालाघाट व सिवनी जिल्ह्यांत, शेकडो गावांतून पुन्हापुन्हा भेटतात. ही सारी पोवार समाजाची कुळनामे होत, आणि त्यांची व्युत्पत्ती, त्यांचे अर्थ व त्यांचा विस्तार हा या लेखाचा विषय आहे.

आरंभीच एक घोटाळा दूर केला पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रात ‘पवार’ हे आडनाव आहे. अठराव्या शतकात माळव्यात जाऊन धार आणि देवास येथे राज्ये स्थापन करणारे मराठा सरदार याच आडनावाचे होते. गोंदिया जिल्ह्यात मात्र ‘पोवार’ किंवा ‘पवार’ हे जातीचे नाव असून आडनावाच्या जागी कुळाचे नाव लावले जाते. म्हणून साताऱ्याकडील पवार आणि गोरेगावकडील पोवार यांचा नामसाम्यापलीकडे काही संबंध आहे असे धरून चालता येत नाही. दोघांच्याही परंपरा माळव्याच्या परमारांकडे बोट दाखवितात एवढेच. बैतूल व वर्धा भागांतील भोयर-पवार हा आणखी एक निराळा समाज आहे, आणि त्याच वेळी ‘भोयर’ हे वैनगंगेकाठच्या पोवारांतील एका कुळाचेही नाव आहे. नावे सारखी असली की माणसे एकच असली पाहिजेत, हा समज आडनावांच्या अभ्यासात सर्वांत आधी टाकून द्यावा लागतो.

पोवारांची कुळे छत्तीस, असे परंपरा सांगते. भाटांच्या पोथ्यांतून आणि समाजाच्या तोंडी ही यादी चालत आलेली आहे. तिच्यातील राजहंस, फरीद, रहमत, डाला अशी काही नावे आज वैनगंगेच्या खोऱ्यात जवळजवळ ऐकू येत नाहीत. छत्तीस हा आकडा मोजून काढलेला असण्यापेक्षा राजपुतांच्या छत्तीस राजकुळांच्या प्रसिद्ध कल्पनेवरून घेतलेला असावा, असे मानणे अधिक सयुक्तिक आहे, कारण मध्य भारतातील अनेक समाजांनी आपल्या कुळांची गणती याच आकड्यात बसविलेली दिसते. आकडा कोणताही असो, व्यवहारात महत्त्वाची गोष्ट ही की कुळ हे बहिर्विवाही आहे, म्हणजे एकाच कुळातील मुलामुलींचे लग्न होत नाही. बिसेनांची मुलगी बिसेनांच्या घरी जात नाही, मग ती दोन घरे शंभर कोसांवर असोत आणि त्यांच्यात कोणतेही ज्ञात नाते नसो. त्यामुळे गोरेगाव तालुक्यात सोयरीक जुळविताना पहिला प्रश्न कुळाचा असतो, आणि आडनाव हे त्या प्रश्नाचे उत्तर असते.

या नियमातच पोवारांच्या इतिहासातील एक मोठे स्थित्यंतर दडलेले आहे. राजस्थान व माळवा येथील राजपूत व्यवस्थेत परमार हे स्वतःच एक कुळ असून परमाराचे लग्न परमाराशी होऊ शकत नाही. चौहान, परिहार, बघेल, बिसेन, गौतम ही त्याच्या बरोबरीची वेगळी कुळे आहेत आणि परमारांच्या सोयरिकी त्यांच्याशी होतात. वैनगंगेकाठी मात्र पोवार पोवारातच लग्न करतात, आणि चौहान, परिहार, बघेले, बिसेन, गौतम ही त्यांच्या पोटातील कुळे झालेली आहेत. परमार हे जे मुळात कुळ होते ते येथे जात झाले, आणि जी कुळे बाहेरची होती ती आत आली. याचा उलगडा एकाच रीतीने नीट होतो : मूळ प्रदेश सोडून दक्षिणेकडे सरकलेला जमाव हा एका रक्ताचा नसून निरनिराळ्या कुळांतील माणसांचा, बहुधा सैन्यात एकत्र नोकरी करणाऱ्यांचा, संच असावा, आणि त्यातील प्रमुख घराण्याच्या नावाने सगळा संच ओळखला जाऊ लागला असावा. परक्या मुलखात येऊन पडल्यावर त्यांच्यात आपापसांतच सोयरिकी होऊ लागल्या, आणि पिढ्या लोटल्यावर त्या संचाची जात बनली.

‘बिसेन’ हे नाव या दृष्टीने फार बोलके आहे. बिसेन हे अवधातील नावाजलेले राजपूत कुळ. उत्तर प्रदेशातील मझौली आणि गोंडा येथील जुनी राजघराणी याच कुळाची. त्यांचा धारच्या परमारांशी रक्तसंबंध सांगितला जात नाही. असे असताना गोरेगाव-बालाघाट पट्ट्यातील पोवारांत बिसेन हे अत्यंत विस्तारलेले कुळ आहे, याचा अर्थ गंगेच्या खोऱ्यातील काही माणसेही या संचात सामील झाली असावीत, किंवा निदान त्या कुळाची प्रतिष्ठा ऐकून एखाद्या तुकडीने ते नाव धारण केले असावे. या दोन शक्यतांपैकी पहिलीला भाषेचा थोडा आधार मिळतो, कारण पोवारांची घरची बोली, म्हणजे पोवारी, हिचा समावेश ग्रियर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात पूर्व हिंदीच्या बघेलीशी निगडित अशा दक्षिणेकडील मिश्र बोलींत केला होता. केवळ माळव्याहून आलेल्या लोकांच्या बोलीत पूर्वेकडचा हा ठसा इतका ठळक उमटला नसता. वाटेत त्यांचा मुक्काम बघेली बोलणाऱ्यांत झाला असेल किंवा तेथील माणसे त्यांच्यात मिसळली असतील.

पोवार नागपूरकडे केव्हा आले, याविषयी समाजाची स्मृती नगरधनपासून सुरू होते. रामटेकजवळचे नगरधन हे वाकाटकांच्या नंदिवर्धन राजधानीचे स्थान मानले जाते. मध्ययुगात तेथे किल्ला होता आणि देवगडच्या गोंड राजांचा व पुढे नागपूरच्या भोसल्यांचा त्यावर अंमल होता. १८६० च्या दशकात भंडारा जिल्ह्याचा बंदोबस्त, म्हणजे शेतसारा ठरविण्यासाठी झालेली जमिनीची पाहणी, पूर्ण करणारे अधिकारी ए. जे. लॉरेन्स यांनी पोवारांच्या तोंडून ऐकलेली हकीकत नोंदविली, आणि पुढे १९१६ मध्ये रसेल व रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात ती उद्धृत झाली. तिचा आशय असा की पूर्वज प्रथम नगरधनला येऊन राहिले, तेथून अंबागड व चांदपूरकडे पसरले, आणि चिमणाजी भोसले यांच्या कटकच्या मोहिमेत केलेल्या नोकरीबद्दल त्यांना वैनगंगेकाठी जमिनी मिळाल्या. देवगडचा बख्त बुलंद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस बाहेरच्या शेतकऱ्यांना व कारागिरांना आपल्या मुलखात आणून वसविले ही गोष्ट इतिहासाला माहीत आहे, आणि पोवारांचे पहिले आगमन त्याच काळाशी जोडले जाते.

परमारांचा विदर्भाशी संबंध त्याहूनही जुना आहे हे खरे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातील परमार नरवर्म्याच्या काळची प्रशस्ती विक्रम संवत ११६१ ची, म्हणजे इसवी सन ११०४ च्या सुमाराची आहे, आणि यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथील शिलालेखात, जो शके १०३४ म्हणजे १११२ चा आहे, परमार जगद्देवाचा उल्लेख येतो. बाराव्या शतकाच्या आरंभी परमारांची सत्ता विदर्भात काही भागांवर होती, हे या दोन लेखांनी सिद्ध होते. परंतु त्या लेखांपासून नगरधनच्या स्मृतीपर्यंत पाचशेहून अधिक वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर एका अखंड वंशवेलीने भरून काढण्याचा मोह अनेक कुळग्रंथांना आवरलेला नाही. परमारांच्या लेखांचा खरा उपयोग वेगळा आहे, आणि तो ‘पटले’ या आडनावाच्या संदर्भात होतो.

गोरेगावकडील आडनावांत पटले हे सर्वांत जास्त ऐकू येणाऱ्या नावांपैकी एक. रसेल-हिरालाल यांनी त्याचे जुने रूप ‘पटलिया’ असे दिले असून त्याचा संबंध गावाच्या पटेलाशी, म्हणजे पाटलाशी, लावला आहे. पाटील, पटेल आणि पटले या तिन्ही शब्दांच्या मुळाशी ‘पट्टकिल’ हा प्राचीन शब्द आहे. गावाचा पट्टा, म्हणजे जमिनीचा अधिकृत लेख, ज्याच्या हाती तो पट्टकिल. हा शब्द माळव्यातील परमारांच्या ताम्रपटांत वारंवार येतो : राजा एखादे गाव दान देतो तेव्हा तो त्या गावच्या ब्राह्मणांना, पट्टकिलांना आणि जनपदातील इतर लोकांना उद्देशून ते दान जाहीर करतो, अशी त्या ताम्रपटांची ठरलेली भाषा आहे. परमारांच्या राज्यात जो गावचा अधिकारी पट्टकिल म्हणून संबोधला जाई, त्याच पदाचे नाव परमारांशी नाते सांगणाऱ्या समाजात आठशे-हजार वर्षांनी आडनाव म्हणून नांदते आहे, ही गोष्ट कोणत्याही कल्पित वंशावळीपेक्षा अधिक मोलाची वाटते. अर्थात पदाचे नाव एका काळी अनेक ठिकाणी चालत असल्यामुळे ते कुळाला माळव्यात चिकटले की नगरधनच्या आसपास, हा निर्णय केवळ शब्दावरून देता येणार नाही. पाटीलकी दोन्हीकडे होती.

भोसल्यांच्या अमलात या पाटीलकीला नवा अर्थ आला. वैनगंगेच्या पूर्वेकडील व पश्चिमेकडील रान तोडून धानाची शेती वाढविणे सरकारला हवे होते, आणि त्यासाठी पटेलाला गाव ठराविक रकमेवर दिले जाई. तो जमीन कसणारे शेतकरी आणून बसवी, बोडी बांधी, बांध्या पाडी आणि सारा गोळा करून भरी. बोडी म्हणजे पाणी साठविण्याचे लहान तळे, आणि बांधी म्हणजे धुऱ्यांनी वेढलेला, पाणी धरून ठेवणारा धानाचा शेततुकडा. जमीन समतल करून, एका बांधीतले पाणी पुढच्या बांधीत उतरेल अशा बेताने धुरे घालणे हे कसबाचे काम असून त्यात पोवारांची ख्याती होती. पोवार पाणी चढावर नेतो, अशा अर्थाची लोकोक्ती इंग्रज अधिकाऱ्यांच्या कानांवर गेली आणि त्यांनी ती ग्रंथात नोंदविली. पऱ्हे टाकून, म्हणजे रोपवाटिका करून, आषाढात चिखलणी झाल्यावर त्या रोपांची रोवणी करण्याची पद्धत या भागात दृढ होण्यातही त्यांचा मोठा वाटा होता. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव कोलू पाटील कोहळी याच्या नावाशी जोडला जातो. कोहळी हा तलाव बांधण्यात वाकबगार असलेला दुसरा समाज, आणि त्याच्याही पुढाऱ्याच्या नावापुढे पाटील हीच पदवी लागलेली दिसते. बालाघाटकडे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात परसवाड्याच्या पठारावर पहिली गावे वसविणारा लक्ष्मण नाईक हा पोवारच होता. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी यांचे भाग काढून बालाघाट जिल्हा बनविण्यात आला तेव्हा या नव्या वस्तीलाच जणू शासकीय मान्यता मिळाली.

नागपूरचे राज्य १८५३ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्यानंतरच्या बंदोबस्तात इंग्रजांनी सारा भरणाऱ्या पटेलाला गावाचा मालक ठरविले आणि मालगुजार हा नवा वर्ग उभा राहिला. गोरेगावच्या पंचक्रोशीतील एखाद्या गावात एकाच कुळाची घरे निम्म्याहून अधिक का असतात, याचे कारण येथे सापडते : ज्या कुळातील माणसाने गाव उठविले त्याचे भाऊबंद त्याच्याभोवती बसले, आणि सोयरिकीने आलेली एक-दोन कुळे त्यांच्या जोडीला आली. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली, तरी गावची तळी आजही सरकारी कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’ आणि लोकांच्या बोलण्यात ‘मामा तलाव’ म्हणूनच ओळखली जातात.

पदावरून आलेले दुसरे नाव ‘चौधरी’. त्याचा अर्थ अनेक गावांचा प्रमुख असा असून ते भारतभर इतक्या समाजांत आढळते की त्यावरून मूळ ठरविण्याचा प्रयत्न करू नये. ‘पारधी’ या कुळनामाच्या मुळाशी शिकारी हा अर्थ आहे, आणि पारधी या अनुसूचित जमातीशी या कुळाचा संबंध नाही. ‘ठाकरे’ हे पोवारांत आहे, कुणब्यांत आहे आणि चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंतही आहे. तिघांच्या वाटा वेगळ्या.

याहून फार अधिक लक्ष देण्याजोगे नाव ‘सोनवाने’ आहे, आणि त्याच्याकडे आजवर पुरेसे लक्ष दिले गेलेले नाही. त्याचे जुने रूप ‘सोनवानिया’ किंवा ‘सोनवानी’, म्हणजे सोन्याचे पाणी. छत्तीसगड आणि त्याला लागून असलेल्या रानमुलखात गोंडांसह अनेक समाजांत सोनवानी नावाचे कुळ असे, आणि त्या कुळातील माणसाकडे एक विशिष्ट काम असे : जातीबाहेर टाकलेल्या माणसाला पुन्हा जातीत घेताना सोने बुडविलेले पाणी त्याच्या अंगावर शिंपडायचे किंवा त्याला प्यायला द्यायचे. गाईची हत्या घडणे, जखमेत किडे पडणे, परजातीशी संबंध येणे अशा कारणांनी माणूस बहिष्कृत होई. पंचांनी ठरविलेला दंड त्याने भरल्यावर सोनवानी पुढे होई, पितळेच्या भांड्यातील पाण्यात सोन्याचा मणी किंवा अंगठी बुडवी, ते पाणी त्याला देई, आणि मग सगळे त्याच्या घरी पंगतीला बसत. या पंगतीत पहिला घास घेण्याची जबाबदारीही पुष्कळदा त्याच्यावरच असे, कारण पापाचा वाटा आपल्या शिरावर घेण्याची तयारी त्या घासाने व्यक्त होई. रसेल व हिरालाल यांनी पोवारांतील सोनवानिया कुळाचा अर्थ लावताना याच कामाचा निर्देश केला आहे. राजपूत वंश सांगणाऱ्या समाजात, गोंड व इतर वनवासी समाजांच्या सामाजिक न्यायव्यवस्थेतून आलेले हे पदनाम कुळ म्हणून कायम झाले, यावरून वैनगंगेच्या काठी नव्याने आलेले आणि आधीपासून असलेले लोक किती जवळ आले होते हे कळते. खानदेश व नाशिककडे आढळणारे ‘सोनवणे’ हे आडनाव याच्याशी उच्चाराने जवळ असले तरी ते वेगळ्या परंपरेतले आहे, आणि सरकारी कागदांत दोन्हींची अदलाबदल होऊ नये.

पटलिया-पटले आणि सोनवानिया-सोनवाने या जोड्यांवरून या आडनावांच्या घडणीचा एक नियम हाती येतो. हिंदी प्रदेशातील ‘इया’ हा शेवट मराठीच्या सहवासात ‘ए’ झाला. अंबुलिया हे अंबुले बनले, तसेच बघेलला ‘ए’ लागून बघेले झाले. मराठीतील शिंदे, मोरे, काळे, गोरे या आडनावांचा ‘ए’कारान्त साचा सर्वांच्या ओळखीचा असल्यामुळे ही रूपे कानाला परकी वाटली नाहीत, आणि ती इतकी रुळली की बालाघाटसारख्या हिंदी जिल्ह्यातही आज हीच चालतात. ‘तुरकर’ हे नाव तर मराठीच्या दुसऱ्या साच्यात बसले. आजचे रूप पाहिले तर तूर नावाच्या गावचा तो तुरकर, असे कोणालाही वाटेल. परंतु रसेल-हिरालाल यांच्या नोंदीत या कुळाचे रूप ‘तुरुख’ म्हणजे तुर्क असे आहे, आणि रहमत या नावाशी त्याची जोडी लावलेली आहे. मोगल किंवा इतर मुसलमान सत्तेच्या फौजेत केलेल्या नोकरीची खूण कुळाच्या नावात राहिली असावी, हा तर्क सैन्यातून आलेल्या समाजाच्या बाबतीत अगदी सरळ ठरतो, आणि त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

गोरेगावात अर्थातच केवळ पोवार राहत नाहीत, आणि शेजारच्या आडनावांची तुलना केल्याशिवाय पोवारांच्या नावांचे वेगळेपण दिसत नाही. गोंडांची टेकाम, मरकाम, उईके, मडावी, कुमरे, सलामे ही नावे या मातीतील सर्वांत जुनी; त्यांतील टेकामाच्या मुळाशी गोंडीतील सागाचा आणि मरकामाच्या मुळाशी आंब्याचा शब्द आहे, आणि ते ते कुळ त्या त्या झाडाला आपले मानून जपते. गोंडांची कुळे देवांच्या संख्येवरून, म्हणजे चार, पाच, सहा व सात देव मानणाऱ्या गटांत, विभागलेली असून लग्नाचे नियम त्या गटांवर चालतात. बौद्ध समाजातील रामटेके हे नाव रामटेकवरून, जांभुळकर, बोरकर ही गावांवरून; कुणबी, तेली, कोहळी समाजांत शिवणकर, ब्राह्मणकर, परशुरामकर, लांजेवार अशी नावे आहेत. ‘मेश्राम’ हे आडनाव तर विदर्भात बौद्धांपासून अनेक समाजांत पसरलेले आहे, आणि तेलंगणातील केसलापूर येथे भरणाऱ्या नागोबाच्या जत्रेचा मान असलेले गोंड कुळही मेश्रामच आहे. दक्षिणेकडे चंद्रपूर-गडचिरोलीत गेल्यावर तेलुगूच्या संपर्काने ‘वार’ शेवटाची आडनावे दाटू लागतात. या सगळ्या समूहात गावावरून पडलेली नावे भरपूर असताना पोवारांच्या कुळांत पद, काम आणि जुनी राजपूत कुळे यांवरून आलेली नावे उठून दिसतात, आणि त्यांतील राजपूत कुळांची नावे तरी येथे आल्यावर पडलेली नसून सोबत आणलेली असावीत, असे त्यावरून दिसते.

परक्या भाषेच्या संपर्कात आडनावांची रूपे बदलण्याची प्रक्रिया जगाच्या दुसऱ्या टोकाला कशी घडली हे पाहणे उपयोगी आहे. आयर्लंडमध्ये वंशपरंपरागत आडनावे दहाव्या-अकराव्या शतकापासूनच रूढ होऊ लागली, आणि युरोपात ती सर्वांत आधी रुजलेल्या देशांत त्याची गणना होते. तेथील ‘ओ’ म्हणजे नातू किंवा वंशज, आणि ‘मॅक’ म्हणजे मुलगा. सर्वाधिक पसरलेले मर्फी हे आडनाव ‘ओ मुर्खू’ या गेलिक नावातून आले असून त्यात समुद्रावरचा योद्धा असा अर्थ आहे. १८९० च्या जन्मनोंदींवरून रॉबर्ट मॅथेसन यांनी १८९४ मध्ये आयर्लंडमधील आडनावांचा जो शासकीय अहवाल तयार केला, त्यात मर्फी पहिल्या क्रमांकावर होते. वॉर्ड हे आडनाव भाटाचा मुलगा या अर्थाच्या नावातून, आणि मॅकगोवन हे लोहाराचा मुलगा या अर्थाच्या नावातून आले. इंग्रजी अमलात कित्येक मॅकगोवन सरळ स्मिथ झाले, आणि हजारो घराण्यांच्या नावातील ‘ओ’ गळून पडला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गेलिक भाषेच्या पुनरुज्जीवनाची चळवळ सुरू झाल्यावर तो काही घराण्यांनी परत लावला. परक्या भाषेच्या कारकुनाने लिहिलेले नाव हेच पुढच्या पिढीचे नाव होते, हा तेथला अनुभव गोरेगावलाही लागू आहे. फरक असा की येथे हिंदी आणि मराठी या दोन सख्ख्या भाषांच्या सीमेवर हा बदल झाला आणि त्यामागे राज्यकर्त्यांचा दबाव नव्हता.

एखादे आडनाव फार पसरले म्हणजे त्या घराण्याची संतती फार झाली असे सामान्यतः मानले जाते, आणि ते अंशतः बरोबरही आहे. पण पोवारांच्या बाबतीत मूळ कारण कुळांच्या मर्यादित संख्येत आहे. लाखो माणसांना तीस-पस्तीस नावांतच वाटून घ्यावे लागल्यावर त्यांतील प्रत्येक नाव गावोगावी भेटणे क्रमप्राप्त होते. देशस्थ किंवा कोकणस्थ समाजांत गावावरून, व्यवसायावरून, एखाद्या पूर्वजाच्या गुणावरून नवी नावे पडत गेली आणि यादी लांबत गेली. पोवारांत नवे कुळ निर्माण होण्याला वाव नव्हता, कारण कुळ बदलले की सोयरिकीचे सगळे गणित बिघडले असते. निवडणुकांच्या निकालांतही हीच मर्यादित यादी दिसते : भंडारा लोकसभा मतदारसंघातून १९८० व १९८४ मध्ये केशवराव पारधी, १९८९ मध्ये खुशाल बोपचे आणि २००४ मध्ये शिशुपाल पटले निवडून आले. सीमेपलीकडे बालाघाटात गौरीशंकर बिसेन, बोधसिंह भगत, ढालसिंह बिसेन आणि २०२४ मध्ये भारती पारधी खासदार झाल्या. गोरेगाव ज्या तिरोडा विधानसभा मतदारसंघात मोडते तेथून २०१४ पासून विजय रहांगडाले प्रतिनिधित्व करीत आहेत. पक्ष आणि प्रांत वेगळे असले तरी नावे त्याच एका यादीतली आहेत.

आडनाव म्हणून या कुळनामांचे लेखी आयुष्य मात्र आश्चर्य वाटावे इतके अलीकडचे आहे. जुन्या कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या कोतवालाने जन्म-मृत्यूची नोंद ज्या वहीत ठेवली तिच्यात, आणि बंदोबस्ताच्या मिसलींत माणसाची ओळख बहुधा ‘अमुक वल्द अमुक, जात पोवार, साकीन अमुक’ एवढ्यातच पुरी होई. ‘वल्द’ म्हणजे मुलगा, ‘साकीन’ म्हणजे राहणार. कुळाला त्या रकान्यांत जागाच नव्हती. गावात सगळ्यांना ते ठाऊक असल्यामुळे ते लिहिण्याची गरज कोणाला भासली नाही. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे पूर्ण नाव लिहिण्याची वेळ आली तेव्हा कुळ आडनावाच्या जागी बसले, आणि गुरुजींनी जे अक्षर लिहिले ते कायमचे झाले. १९५६ पर्यंत भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, जेथे हिंदी आणि मराठी दोन्हींत कारभार चाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. १ मे १९९९ रोजी त्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला. एवढ्या घडामोडींत टेंभरे-टेम्भरे, येडे-येळे, हरिणखेडे-हरिनखेरे, रहांगडाले-राहांगडाले अशी दुहेरी रूपे एकाच भावकीत राहिली नसती तरच नवल.

आज या भेदांचा त्रास प्रत्यक्ष लोकांना होतो. इतर मागास वर्गाचे जात प्रमाणपत्र आणि त्याची पडताळणी यांसाठी आजोबा-पणजोबांच्या कोतवाल बुकाची नक्कल काढली जाते, तिच्यात कुळ नसते, जातीच्या रकान्यात कोठे ‘पोवार’ तर कोठे ‘पवार’ असते, आणि नातवाच्या दाखल्यावरील आडनावाशी ती नक्कल जुळवून दाखविताना घरच्यांची दमछाक होते. म्हणून कुळनामांचा इतिहास हा केवळ जिज्ञासेचा विषय राहत नाही. धारच्या सिंहासनाशी नाते जोडणारी वंशावळ छापण्यात समाजाने पुष्कळ श्रम घेतले आहेत. परंतु रान तोडून बांध्या पाडणारा पटेल, बहिष्कृताला पाणी देऊन पुन्हा पंगतीत बसविणारा सोनवानी आणि परक्या फौजेत नोकरी करून आलेला तुरुख हे पूर्वज त्या सिंहासनाहून कमी अभिमानास्पद नाहीत, आणि त्यांचा पुरावा नावातच शिल्लक आहे.

मात्र पोवारीत ही नावे कशी उच्चारली जात, कोणते कुळ कोणत्या गावाहून कोणत्या गावी आले, कोणाच्या बोडीचे पाणी कोणाच्या बांधीत जाई, हे सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. गोरेगाव तालुक्यातील शिक्षकांनी आणि महाविद्यालयीन मुलामुलींनी आपापल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून कुळ, मूळ गाव, मधले मुक्काम आणि बोलीतील नाव एवढ्या चार गोष्टी तरी विचारून, कोतवाल बुकाच्या नकलेसोबत, तारीख घालून लिहून ठेवाव्यात; हे काम बाहेरून येऊन कोणी करणार नाही.